पंचनाम्यातली भिंत

भाद्रपदात पाऊस लागून राहिला की आमच्या वसमतच्या घरात दोघांच्या दोन तऱ्हा होतात. नवरा मास्तर आहे, तो शाळेला सुट्टी पडेल का याचा अंदाज घेत ओसरीत येरझाऱ्या घालतो. मी दर पाच मिनिटांनी मागच्या दारातून आभाळ बघते. "तुला काय नदी अडवायची आहे का?" असं तो विचारतो. घरामागच्या वावरातून हळदीच्या पानांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत राहतो आणि माझं जेवणात लक्ष लागत नाही.

नोकरीत आता मी मंडळ अधिकारी आहे. तलाठी होते तेव्हा पंचनामे लिहायची, आता दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते. परवा एका नव्या तलाठ्यानं कागद पुढं ठेवला. वस्तीचं नाव, आणि समोर नुकसानीच्या रकान्यात एकच शब्द, निरंक. आमच्या खात्यात 'काही नाही' असं कुणी लिहीत नाही, निरंक लिहितात. मी विचारलं, "स्वतः जाऊन आलात का?" तो म्हणाला, "ओढ्याला पाणी होतं मॅडम, कोतवालाला विचारून लिहिलं. बराबर आहे." मी त्याच्यावर नको तितकी चिडले. तो बिचारा भांबावला. खरं तर मी चिडले होते ती स्वतःवर, पण ते त्याला कसं सांगणार?

तो जो पाऊस माझ्या डोक्यातून जात नाही, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. निम्मी दप्तरं अजून परभणीलाच होती, आणि इकडं काही विचारलं की "तिकडं बघा" आणि तिकडं विचारलं की "आता तुमचा जिल्हा वेगळा" असं उत्तर मिळायचं. माझ्याकडं तीन गावं आणि एक तांडा होता. गावं नदीच्या काठाला, तांडा वर माळावर, मधे ओढा. माळावर लमाण समाजाची तीस-पस्तीस घरं होती. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल वाहून नेणारी ही माणसं, आता पावसाळ्यात माळाची कोरडवाहू शेती करायची आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघून जायची.

पुराचं पाणी येतं तेव्हा माणसं जीव वाचवण्यात असतात, त्यांना काही दिसत नाही. पाणी ओसरल्यावर गाव दिसतं. खालच्या आळीत शिरले तेव्हा आधी वास आला. भिजलेल्या ज्वारीला घराघरात मोड फुटले होते, त्याचा आंबूस वास, चुलीतल्या ओल्या राखेचा, मेलेल्या कोंबड्यांचा. काटेरी कुंपणावर गोधड्या, शाळेच्या पायऱ्यांवर देवांच्या तसबिरी. आणि शाळेच्या व्हरांड्यात सुतळ्या बांधून त्यावर वाळत घातलेले कागद. जन्माचे दाखले, बँकेची पुस्तकं, कुणाची सोळा वर्षांपूर्वीची दहावीची गुणपत्रिका. शाई पसरून सगळ्यांची नावं सारखीच निळी झाली होती. एक म्हातारी प्रत्येक कागदाखाली उभं राहून विचारायची, "ह्यो माझा हाय का बघ की, बाई." मी वाचायची, नसायचा.

आठ दिवस मी सकाळी चिखलात उतरायची ती दिवस मावळताना वर यायची. माझं अक्षर चांगलं, याचा मला फार तोरा होता. आमच्या वस्तीत टेबलाच्या त्या बाजूला बसलेली मी पहिली बाई. वडील बसस्थानकावर हमाली करायचे. नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले होते, "दुसऱ्याची चूक चूक असते, आपली चूक जातीची होते. सांभाळून लिहीत जा." म्हणून मी सांभाळून लिहायची. साहेब म्हणायचे, "बाई, हा पंचनामा आहे की लग्नपत्रिका?" घरात पाणी किती फूट, भिंत कोणत्या बाजूची, दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे. काही वाढवायचं नाही, काही सोडायचं नाही. तांड्याचा कागद मात्र मी गावातच बसून भरला. ओढा भरून वाहत होता. मारुती कोतवालाला विचारलं, तर तो म्हणाला, "त्यांच्याकडं कुठलं पाणी म्याडम, ते तर माळावर. एक बी घर पडलं न्हाई." ते खरंच होतं. मी सुबक अक्षरात निरंक लिहिलं, खाली रेघ मारली आणि मोकळी झाले.

पंधरा दिवसांनी आरोग्याच्या योजनेचं पत्र आलं. गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च सरकार करायचं, त्यासाठी पिवळं रेशनकार्ड लागायचं, तेही अस्सल, झेरॉक्स चालायची नाही. पुरात हजारो कार्डं गेली होती, म्हणून अट शिथिल केली होती. ज्या कुटुंबाचं नाव पुराच्या पंचनाम्यात आहे, त्याला कार्डाऐवजी तलाठ्याचा दाखला चालेल. इतकं शहाणं पत्र मी नोकरीत क्वचित वाचलं होतं. कुणीतरी वर बसून माणसांचा विचार केला आहे, असं वाटून मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला. चावडीत बसून मी भराभर दाखले लिहिले. एकाचं मूत्रपिंडाचं दुखणं होतं, एका लेकराच्या डोक्यात गाठ होती. दोघांचे कागद दोन दिवसांत पुढं गेले.

तिसऱ्या दिवशी तांड्यावरचा लक्ष्मण आला. सोबत त्याची बायको सीताबाई. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, पण चावडीच्या तीन पायऱ्या चढायला तिला दोनदा थांबावं लागलं. ओठ निळसर, घोट्यावर सूज, चांदीची कडी मांसात रुतलेली. लक्ष्मणनं पिशवीतून कागद काढून माझ्यापुढं एकेक करून मांडले. दवाखान्याच्या चिठ्ठीचा अर्थ मला कळत होता. काळजाची एक झडप आवळत चालली होती, ती उघडून घ्यायला हवी होती. मोठ्या दवाखान्यानं दसऱ्यानंतरची तारीख दिली होती. तोवर कागद पुरे झाले नाहीत तर तारीख दुसऱ्याला जाणार, पुढची कधी मिळेल हे कुणी सांगत नव्हतं. बाकी सगळं होतं. फक्त कार्ड नव्हतं.

"कार्ड कुठं गेलं?"

"पुरात गेलं, म्याडम."

"तांड्यावर कुठला पूर?"

तेव्हा तो सांगायला लागला आणि माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं या सज्ज्यात तलाठी असून मला हे माहीत नव्हतं. तांड्यापासून रेशनचं दुकान दीड कोस. रॉकेल कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून तांड्यातल्या सगळ्यांची कार्डं खालच्या गावात दुकानदाराजवळच एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असायची. माल आला की नायक, म्हणजे तांड्याचा मुख्य, एक माणूस आणि एक बैलगाडी पाठवायचा, आणि तो साऱ्या तांड्याचं रॉकेल-साखर घेऊन यायचा. ऊसतोडीला जाताना कार्डं सोबत नेऊन हरवण्यापेक्षा पेटीत बरी, असाही विचार त्यात होता. दुकान नदीला लागून होतं. पाणी आलं तेव्हा दुकानदार पोरंबाळं घेऊन पळाला, ते बरोबरच केलं. पेटी वाहून गेली. तीस-पस्तीस घरांची कार्डं एका झटक्यात गेली, आणि त्यातलं एकही घर भिजलं नव्हतं.

मी कार्डाची दुसरी प्रत काढायचा रस्ता सांगितला. पोलिसात अर्ज, शपथपत्र, दुकानदाराचा जबाब, मूळ यादीशी पडताळणी, आणि मूळ यादी परभणीला. ऐकता ऐकता लक्ष्मणची बोटं मिटत गेली, महिने मोजत होता बहुतेक. मग त्यानं विचारलं, "ते पुराचं नवं पत्र आलंय म्हनून ऐकलं."

"त्याला पंचनाम्यात नाव लागतं. तुमचं घर पडलं नाही ना."

"न्हाई पडलं," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आणि मग मी ते वाक्य बोलले. सहानुभूती म्हणून बोलले, कागद गोळा करून त्याच्या हातात देता देता. "एखादी भिंत जरी पडली असती ना, लक्ष्मण, तर मला काही करता आलं असतं." माणूस असं बोलतो. कुणाची गाडी चुकली की आपण म्हणतो, पाच मिनिटं आधी आला असतात तर. त्यात काही सांगायचं नसतं. पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाचं बोलणं समोरचा तसं ऐकत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. सीताबाई भिंतीला टेकून बसली होती, तिनं नवऱ्याकडं पाहिलं. दोघं आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले आणि उठले.

दोन दिवसांनी लक्ष्मण एकटाच आला. "पडली, म्याडम. रातच्या पावसानं. या बघायला."

आदल्या रात्री पाऊस झालाच नव्हता. चार थेंब पडले असतील. मी मारुतीला घेऊन निघाले. ओढा गुडघ्याएवढा उतरला होता. माळावर पिवळी फुलं आली होती, बाजरीला कणसं धरली होती. तांडा लांबून नेहमीसारखा दिसत होता, जवळ गेल्यावर कळलं की माणसं आपापल्या दारात येऊन गप्प उभी आहेत. लेकरंसुद्धा गप्प होती.

मातीची भिंत पावसानं कशी पडते, हे मी त्या महिन्यात शंभर घरांत पाहिलं होतं. ती बुडातून फुगते, खचते आणि ओल्या ढिगासारखी पसरते. लक्ष्मणच्या घराची मागची भिंत वरून खाली उतरली होती. ढेकळं आतून कोरडी होती. कडेला कुदळीचे घाव होते, त्यांवर कुणीतरी ओला हात फिरवला होता. आणि भिंतीच्या पायातले दगड एका बाजूला नीट रचून ठेवले होते. आपलंच घर पाडताना या माणसाला दगड फेकून देववले नव्हते. पावसानं पाडलेल्या भिंतीचे दगड कधी रचलेले नसतात.

घराचे पत्रे लाकडी मेढींवर होते म्हणून छप्पर तेवढं राहिलं होतं. आत चूल, दोन डबे, दोरीवर सीताबाईची आरसे लावलेली फडकी, म्हणजे ओढणी, आणि त्यापलीकडं थेट माळ. सीताबाई चुलीजवळ बसली होती. "ती भिंत मीच सारवली व्हती," ती म्हणाली. "सासू म्हनायची, लई गुळगुळीत सारवती." तक्रार नव्हती, मला माहिती देत होती.

म्हातारा नायक पंच म्हणून पुढं आला. मी त्याला म्हणाले, "नायक, तुम्हाला माहीत आहे ही भिंत कशी पडली."

"आमी खोट्यावर अंगठा देत न्हाई," तो म्हणाला. "पर तुमच्या कागदात काय इचारलंय? भिंत पडली का. तर पडली."

"पावसानं पडली का, असंही विचारलंय."

त्यानं आभाळाकडं पाहिलं. "औंदा पाऊसच नसता तर पेटी ऱ्हायली असती. पेटी ऱ्हायली असती तर भिंत बी ऱ्हायली असती."

मला वडील आठवले. त्यांनी सांगितलेलं आठवलं आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला. चांगल्या अक्षरात खरं लिहिलेला माझा तांड्याचा पंचनामा एका बाईला मारायला निघाला होता, आणि हे खोटं तिला वाचवणार होतं. मी फार भ्याले होते. तपासणीला कुणी आलं असतं तर त्यानं माझ्यासारखेच ते दगड पाहिले असते. मी लक्ष्मणला म्हणाले, "ते दगड आधी विस्कटा." तो कळल्यासारखा उठला. सीताबाईही उठायला लागली, तिला मी हाताला धरून खाली बसवलं. तिच्या मनगटाची नाडी माझ्या बोटांखाली वेड्यासारखी धावत होती. मग मी पुरवणी पंचनामा लिहिला. अतिवृष्टीने मागील बाजूची भिंत पूर्णपणे पडली आहे. नायकानं अंगठा दिला, मारुतीनं सही केली. त्याच दिवशी दाखला दिला.

कागद वेळेत गेले. दसरा झाला, सीताबाईला नेलं. झडप उघडली.

आमची सगळी सवलत अशीच असते. दार उघडतं, पण त्याला चौकट असते, आणि माणूस त्या मापाचा नसेल तर आपण चौकट हलवत नाही, माणसालाच थोडं तासून घेतो. हे पत्र वाईट नव्हतं. लिहिणाऱ्यानं पूर पाहिला होता, पण रेशनच्या दुकानातली पत्र्याची पेटी त्याला दिसली नव्हती. ती मलाही दिसली नव्हती, आणि मी तर दीड कोसावर होते. एवढी तरी कबुली मी दिलीच पाहिजे.

पण खरी बोच याच्या पुढची आहे. ती मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितली.

पुरवणी पंचनाम्यानंतर अकरा दिवसांनी दुसरं पत्र आलं. ठिकठिकाणच्या तक्रारी वर पोचल्या असाव्यात. पंचनाम्यात नाव असण्याची अट काढून टाकली होती. कार्ड पुरात गेल्याचा दुकानदाराचा जबाब आणि दोन साक्षीदार पुरे होते. सीताबाई अजून दवाखान्यात जायची होती. अकरा दिवस थांबलो असतो तर घर उभं राहून काम झालं असतं. पत्र मी दोनदा वाचलं आणि फायलीला लावलं. लक्ष्मणचं काम झालेलंच आहे, आता त्याला सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी तयारी नव्हती.

पौषात रब्बीची पीक पाहणी करायला मी माळावर गेले. थंडी अशी होती की दहा वाजले तरी हात पदराखालून काढवत नव्हते. तांडा ओस पडला होता. सगळे ऊसतोडीला गेले होते, चार म्हातारी माणसं उन्हाला बसली होती. लक्ष्मण तेवढा त्या वर्षी गेला नव्हता. सीताबाई दारात उन्हात बसून ज्वारी पाखडत होती. ओठ लाल झाले होते. मला बघून ती स्वतःहून उठली, एका दमात उठली, आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. मला रडू यायला लागलं म्हणून मी तांब्या तोंडाला लावला.

तांब्याच्या कडेवरून मला घराची मागची बाजू दिसली. भिंत तशीच पडलेली होती. दगड मी विस्कटायला लावले होते तिथंच होते, त्यांत गवत उगवून वाळलं होतं. मेढीला दोन गोधड्या आणि एक खताचं पोतं बांधलं होतं, ते वाऱ्यानं आत-बाहेर होत होतं. डॉक्टरांनी हिला थंडी-तापापासून जपायला सांगितलं होतं, तो कागद दाखल्याच्या वेळी चावडीत मीच वाचून दाखवला होता.

"लक्ष्मण, भिंत काहून नाही बांधली?" माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच निघालं.

तो गोंधळला. "कशी बांधनार, म्याडम? कुनी साहेब तपासाय आला आन् भिंत उभी दिसली तर? तुमच्यावर येईल. हिच्या आपरेशनवर येईल. तुमी सांगाल तवा बांधावं म्हनलं. तुमी तर आल्याच न्हाई."

तीन महिने. अर्धा आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, अर्धा पौष. मी वसमतला रजई घेऊन झोपत होते आणि दुसरं पत्र माझ्या फायलीत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, अकरा दिवसांचंही सांगितलं. वाटलं होतं तो चिडेल, निदान हातातलं काही आपटेल. तो ऐकत राहिला. सीताबाईनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी आता बांधली तर चालंल?" त्यानं विचारलं.

"चालेल. आजच बांधा."

तो घुटमळला. "तेवढं लिहून देता का, म्याडम? उद्या तुमची बदली झाली, तर दुसऱ्याला दाखवाया."

मी पिशवीतून कागद काढला आणि त्याला त्याच्याच घराची भिंत बांधायची परवानगी लिहून दिली. तसा अधिकार मला कुठल्याच नियमानं दिलेला नव्हता. लक्ष्मणनं कागद सीताबाईजवळ दिला आणि त्याच पावली माती भिजवायला गेला.